घरीं बांधावयाच्या पहिल्या ड्रोनसाठीं ऑटोपायलट बोर्ड कसा निवडावा

शेतकरी बैल घेतो तो शिंगांचा रंग पाहून घेत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, जूं मानेवर ठेवून चार पावलें चालवून पाहतो, आणि मागच्या धन्यानें कां विकला याचीहि चौकशी करतो. पण तोच शहाणा शेतकरी यंत्र घेण्यास शहरांत गेला म्हणजे यंत्राकडे न पाहतां दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. ही चूक आम्हीं स्वतः केली असून तिची किंमतहि भरली आहे. ती इतर बंधूंना भरावी लागूं नये म्हणून हा लेख लिहीत आहों.

पालघर, बोईसर, डहाणू या बाजूचे पुष्कळ तरुण हल्लीं ड्रोन घरीं बांधण्याच्या खटपटीस लागले आहेत. कारखान्यांच्या वसाहतीमुळें वायरी जोडणें, डाख देणें हीं कामें येथील मुलांस परकीं नाहींत. सांगाडा, मोटारी, पंखे, बॅटरी हे भाग कोणते घ्यावे हें त्यांस चटकन् समजतें. अडतें तें एका वस्तूपाशीं, आणि ती म्हणजे ऑटोपायलट बोर्ड. आगपेटीएवढी किंवा फार तर पत्त्यांच्या जोडाएवढी ही वस्तु ड्रोनचा मेंदू होय. ती चुकली तर बाकी सर्व खर्च वाया जातो, आणि प्रसंगीं माणसाच्या जिवावरहि बेततें.

आम्ही या भानगडींत कसे पडलों

आमची सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां पालघर जिल्ह्यांतील चिकू, आंबा व केळी यांच्या वाड्यांचें फार नुकसान झालें. त्यानंतरच्या पंचनाम्यांचें काम आम्हांस चांगलें स्मरतें. एकेका वाडींत शिरावें, पडलेलीं झाडें मोजावीं, अर्धवट उन्मळलेल्या झाडाचें काय लिहावें याचा वाद ऐकावा, पंचांच्या सह्या घ्याव्या, आणि पुढच्या वाडींत जावें. खातेदार बिचारा आठ आठ दिवस पडलेलें लांकूड न हलवितां वाट पाहत राही; कारण लांकूड हलविलें कीं पुरावा गेला. वरून घेतलेलीं चार छायाचित्रें हातीं असतीं तर निम्मा वेळ वांचला असता, असें तेव्हां मनांत आलें.

जमीन वरून पाहण्याची ही युक्ति सरकारनेंहि उचलली आहे. २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेंत गांवठाणांची मोजणी ड्रोननें करण्यांत येते, व आपल्या राज्यांत भूमि अभिलेख खातें आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनीं हें काम मिळून केलें आहे. ज्यांनीं सांखळी ओढून मोजणी होतांना पाहिली आहे त्यांस या फरकाचें महत्त्व सांगणें नको.

नोकरी संपल्यावर आमच्या पुतण्यानें, ज्याचें तांत्रिक शिक्षण झालेलें आहे, ड्रोन बांधण्याचा विषय काढला. मनोरच्या वाटेवर आमचें थोडें भातशेत व चिकूचीं कांहीं झाडें आहेत. वादळानंतर वा अवेळीं पावसानंतर आपल्या जमिनीचें छायाचित्र तारखेसह आपल्या दप्तरीं असावें, भातांत पाणी कोठें तुंबतें व बांध कोठें फुटतो तें दिसावें, एवढाच आमचा हेतु होता. म्हणून पैसे आम्हीं दिले व हात त्याचे लागले.

बोर्ड काय काम करतो

चार पंख्यांचें हें यंत्र स्वभावानें अस्थिर आहे. पतंगास शेपूट असतें, विमानास पंख असतात. यास तसा कांहीं आधार नाहीं. चारांपैकीं एक पंखा किंचित् मंद झाला तरी तें कलंडतें. म्हणून समोरासमोरचे दोन पंखे उजवीकडे व दुसरे दोन डावीकडे फिरते ठेवून, प्रत्येकाचा वेग सेकंदास शेंकडों वेळां कमीजास्त करावा लागतो. हें मनुष्याच्या हातून होणें नाहीं. तें बोर्ड करतो.

त्यासाठीं बोर्डावर निरनिराळीं ज्ञानेंद्रियें असतात. जायरो हा यंत्र किती वेगानें वळत आहे तें सांगतो. ॲक्सिलरोमीटर हा खालची दिशा कोणती तें सांगतो. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो. समुद्रसपाटीजवळ सुमारें ८ मीटर वर गेलें कीं दाब १ मिलिबारनें उतरतो, आणि हा बारकासा फरकहि त्यास कळतो. जीपीएस उपग्रहांवरून आपण कोठें आहों तें सांगतो. परंतु यंत्र एका जागीं स्थिर असतां त्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें साधा जीपीएस सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं होकायंत्र लागतें. बोर्ड या सर्वांच्या जबान्या घेतो, एकमेकींशीं ताडून पाहतो, आणि मग मोटारींस हुकूम सोडतो.

आम्हांस कचेरींतील भाषा सोडवत नाहीं. आमच्या मतें चांगला बोर्ड व चांगला अव्वल कारकून यांची परीक्षा एकच आहे. साक्षीदार किती तपासतो, खोटी साक्ष ओळखतो कीं नाहीं, अडचणींत नियमाप्रमाणें वागतो कीं नाहीं, आणि दप्तर चोख ठेवतो कीं नाहीं, या चार गोष्टी पाहाव्या.

आमची चूक

आम्ही शहरांतील एका दुकानीं गेलों. दुकानदारानें एक बोर्ड पुढें ठेवून सांगितलें कीं, “नवशिके सर्व हाच नेतात.” किंमत साडेतीन हजारांच्या आंत होती. दुसरा बोर्ड जवळजवळ तिप्पट किंमतीचा होता. आम्हीं जन्मभर सरकारी पैसा जपून खर्च केलेला. स्वस्त तो उचलला. तो एपीएम २.८ या जातीचा होता.

त्या बोर्डाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्या काळांत त्यानें मोठी कामगिरी केली. त्याचा इतिहासहि ऐकण्यासारखा आहे. २००७ सालीं अमेरिकेंत ख्रिस अँडरसन नांवाच्या संपादकानें मुलांच्या लेगो खेळण्याच्या भागांतून घरच्या टेबलावर एक ऑटोपायलट तयार केला, आणि अशा घरगुती ड्रोनवाल्यांचें एक मंडळ सुरू केलें. त्या मंडळींत जोर्डी मुन्योझ हा मेक्सिकोंतील तरुण पुढें आला, आणि दोघांनीं २००९ सालीं कंपनी काढून हे बोर्ड विकण्यास आरंभ केला. त्यांची आज्ञावली, जिला आर्डूपायलट म्हणतात, सर्वांस मोफत व उघडी ठेवलेली होती व आजहि आहे. जगभरच्या लोकांनीं तिच्यांत भर घातली. त्यांत अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थाचें नांव प्रमुख आहे.

परंतु आज्ञावली वाढत गेली आणि एपीएमचा आठ बिटांचा मेंदू लहान पडूं लागला. चार पंख्यांच्या यंत्रासाठीं ३.२.१ ही त्या बोर्डावर चालणारी शेवटची आवृत्ति ठरली, आणि ती २०१५ सालची आहे. त्यानंतर झालेली कोणतीहि सुधारणा त्यास मिळाली नाहीं. विशेषतः सर्व साक्षी गणितानें ताडून खोटी बाजूस सारण्याची जी नवी रीत आली, ती या बोर्डास पेलत नाहीं. हें सर्व आम्हांस मागाहून कळलें. दुकानदारानें सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

भात कापणीचे दिवस होते. पुतण्यानें होकायंत्राची जुळणी घराच्या गच्चीवर केली होती. पहिल्या दोन खेपा हातानें उडविल्या, त्या ठीक झाल्या. तिसऱ्या खेपेस जीपीएसच्या आधारें एका जागीं स्थिर राहण्याची कळ दाबली. यंत्र क्षणभर थांबलें, आणि मग पाण्याच्या भोंवऱ्याप्रमाणें गोल गोल फिरूं लागलें. प्रत्येक फेरा आधींच्यापेक्षां मोठा. घाबरून पुतण्यानें ‘घरीं परत’ची कळ दाबली. यंत्र थोडें वर चढलें, तिरपें धांवलें, आणि बांधावरच्या ताडाच्या शेंड्यावर आपटून पंखे फिरत असतांनाच खालीं आलें. जेथें तें पडलें तेथें घटकाभरापूर्वीं एक कापणीवाली बाई बसली होती. ती पाणी पिण्यास उठली होती म्हणून वांचली. तिचा विळा व भाताची पेंढी तेथेंच पडली होती, व पेंढी पंख्यानें कापली गेली होती.

त्या दिवशीं आम्ही घरीं कोणाशीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या बाईस भेटून आमची चूक कबूल केली. ती हंसून म्हणाली, “दादा, तुमचं ते खेळणं आम्ही असताना नको उडवू.” याहून अधिक शहाणा नियम आम्हीं पुढें कोणत्याहि पुस्तकांत वाचला नाहीं.

दप्तरानें काय सांगितलें

सुदैवानें बोर्ड शाबूत होता, आणि त्यांत उड्डाणाची नोंद होती. ती संगणकावर काढून पाहिली तेव्हां उलगडा झाला. मोटारींचा जोर जसजसा वाढे तसतसा होकायंत्राचा आंकडा बदलत जाई. म्हणजे होकायंत्र बोर्डाच्या पोटांत, आणि बोर्डाच्या खालून बॅटरीच्या जाड वायरी गेलेल्या. वायरींतून प्रवाह वाहूं लागला कीं त्याचें चुंबकत्व होकायंत्रास भुलवी. शिवाय जुळणी गच्चीवर केल्यानें स्लॅबमधील सळयांनीं आधींच घोटाळा केला होता. दिशा चुकली म्हणजे बोर्ड “डावीकडे सरकलों, उजवीकडे जावें” असें ठरवून भलत्याच बाजूस जातो, आणखी चुकतो, आणखी जोर करतो. त्याचेंच तें गोल फिरणें.

दुसरी गोष्ट ताडाची. ‘घरीं परत’ या हुकुमांत यंत्रानें किती उंचीवरून यावें हा आंकडा आज्ञावलींत मुळांत १५ मीटर घातलेला होता. ज्या देशांत ती लिहिली गेली तेथील मोकळ्या मैदानास तो पुरेसा असेल. आमच्याकडील वयात आलेला ताड किंवा माड त्याहून सहज उंच असतो. म्हणजे होकायंत्र शुद्ध असतें तरीहि तें यंत्र परत येतांना झाडावर आपटण्याचा संभव होताच. हा दोष बोर्डाचा नाहीं. आंकडा न वाचतां सही करणाराचा आहे. उभा जन्म कचेरींत काढलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी याची आम्हांस अधिक लाज वाटली.

बोर्डांच्या जाती

आतां बाजारांत मिळणाऱ्या बोर्डांची जातकुळी थोडक्यांत सांगतों.

पहिली जात ‘केके’ बोर्डांची. नॉर्वेच्या रॉल्फ बाके यांनीं काढलेला हा बोर्ड फक्त यंत्र समतोल ठेवतो. स्वतःचा छोटा पडदा असल्यानें संगणकावांचून जुळणी होते. पण त्यास आपण कोठें आहों हें कळत नाहीं, व तो परतहि येत नाहीं. शिकण्यापुरता ठीक, शेतकामास निरुपयोगी.

दुसरी जात जुन्या आठ बिटांच्या बोर्डांची, ज्यांत आमचा एपीएम येतो. त्याच्या नकला अजून स्वस्त विकल्या जातात. घेऊं नये. स्वस्त मिळतो म्हणून दांत पडलेला बैल घेण्यासारखें तें आहे.

तिसरी जात पिक्सहॉक घराण्याची. २००८ सालीं स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्र विद्यापीठांत लोरेन्झ मायर या विद्यार्थ्यानें हें काम सुरू केलें, आणि २०१३ सालीं पिक्सहॉक नांवाचा बोर्ड बाजारांत आला. याचा मेंदू बत्तीस बिटांचा आहे. मूळ बोर्डावर जायरो व ॲक्सिलरोमीटर यांच्या दोन जोड्या आहेत, म्हणजे दोन साक्षीदार. आणि मुख्य मेंदू अडखळल्यास यंत्र हातानें सांभाळतां यावें म्हणून दुसरा लहान मेंदूहि आहे. याचा आराखडा उघडा असल्यामुळें अनेक कारखाने तो बनवितात. पुढच्या पिढींतील पिक्सहॉक ६सी यास अधिक वेगवान मेंदू आहे, आणि ‘क्यूब’ नांवाच्या बोर्डांत तीन साक्षीदार असून त्यांपैकीं दोन कंपापासून अलग ठेवलेले असतात. येथें एक बारीक मुद्दा ध्यानांत घ्यावा. दोन साक्षीदारांचें बोलणें जुळलें नाहीं तर खोटें कोण हें ठरविणें कठीण. तिघे असले तर बहुमत पाहतां येतें.

चौथी जात शर्यतीच्या बोर्डांची. हे आकारानें लहान, वजनानें हलके व किंमतीनें बेताचे असतात. त्यांवर बहुधा बीटाफ्लाइट नांवाची आज्ञावली येते, जी मुख्यतः हातानें उडविणारांसाठीं आहे. त्यांपैकीं कित्येकांवर आयनॅव्ह किंवा आर्डूपायलट घालतां येते. परंतु एफ४०५ मेंदूच्या बोर्डांत जागा कमी असल्यानें आर्डूपायलटचीं कांहीं अंगें गाळावीं लागतात. घ्यावयाचाच झाल्यास एच७४३ मेंदूचा पाहावा. त्यांत वायरी स्वतः डाख देऊन जोडाव्या लागतात. पिक्सहॉकांत खटक्याचे जोड असतात. नवशिक्याच्या डाखावर ड्रोनचा जीव टांगणें आम्हांस पसंत नाहीं.

पांचवी जात बंद पेटीची. मोठ्या कंपन्यांचे असे बोर्ड चांगले उडतात, पण आंत काय चाललें तें मालकास कळत नाहीं. कंपनीनें हात काढून घेतला कीं दुरुस्ती खुंटली. बांधून शिकावयाचें असेल त्यास ही जात उपयोगी नाहीं.

निवडतांना काय पाहावें

पहिली गोष्ट, या बोर्डावर आज्ञावलीची चालू आवृत्ति बसते काय? दुकानदाराच्या शब्दावर न जातां आर्डूपायलटच्या संस्थळावरील बोर्डांच्या यादींत नांव पाहून घ्यावें. नांव नसेल तर दुकानांतून परत यावें.

दुसरी गोष्ट, ज्ञानेंद्रियें दुहेरी आहेत काय? नकली बोर्डांत कधीं कधीं छापलेलें एक व बसविलेलें दुसरें असें असतें. घरीं आणल्यावर बोर्ड संगणकास जोडावा. मिशन प्लॅनर या मोफत आज्ञावलींत प्रत्येक ज्ञानेंद्रियाची ओळख दिसते. ती पटेपर्यंत बोर्ड बसवूं नये.

तिसरी गोष्ट, होकायंत्र बाहेर बसवितां येतें काय? बहुतेक जीपीएसच्या डबींतच होकायंत्र असतें. ती डबी काठीवर उंच, वायरींपासून दूर बसवावी, आणि पोटांतील होकायंत्र बंद करावें. आमच्या अनुभवाची ही सर्वांत महाग ओळ आहे.

चौथी गोष्ट, संकटसमयींचे नियम. रेडिओचा संबंध तुटला, बॅटरी उतरली किंवा दिशेचा घोटाळा झाला तर यंत्रानें काय करावें हें आधीं ठरवितां आलें पाहिजे. तीन घरांच्या बॅटरीचा दाब पूर्ण भरली असतां १२.६ व्होल्ट असतो, तो १०.५ वर आला कीं यंत्रानें आपण होऊन परत यावें असें ठरवावें. कुंपण घालण्याचीहि सोय असते, म्हणजे अमुक अंतराबाहेर व अमुक उंचीवर यंत्र जात नाहीं.

पांचवी गोष्ट, दप्तर. नोंद साठविण्यास कार्डाची जागा असावी. प्रत्येक उड्डाणानंतर ती नोंद पाहण्याची संवय लावावी. रोजकीर्द न लिहिणारा दुकानदार जसा बुडतो, तसा नोंद न पाहणारा ड्रोनवाला बुडतो.

किंमतीविषयीं इतकेंच सांगतों कीं, आमच्या दुसऱ्या ड्रोनांत बोर्ड व जीपीएस यांवर एकूण खर्चाचा सुमारें तिसरा हिस्सा गेला. सांगाडा साधा घेतला, कॅमेरा जुना वापरला, पण येथें हात आंखडला नाहीं. हा बोर्ड पिक्सहॉक घराण्याचा होता. तो बसविल्यापासून यंत्र कधीं भरकटलें नाहीं.

आमच्या किनाऱ्यापुरतें

सातपाटी, केळवें, चिंचणी, डहाणू या बाजूस वाऱ्यांत मीठ असतें. उघड्या बोर्डावर तें बसून जोड गंजतात. म्हणून पेटी असलेला बोर्ड घ्यावा, किंवा जाणत्याकडून त्यावर संरक्षक लेप देऊन घ्यावा. बॅरोमीटरवर मात्र लेप देऊं नये. त्याचें छिद्र बुजतें. त्यावर मऊ स्पंजाचा तुकडा ठेवावा, म्हणजे वाऱ्याच्या झोतानें उंचीचा आंकडा नाचत नाहीं.

दुपारीं समुद्राचा वारा सुटतो. उडविणें तें सकाळीं. होकायंत्राची जुळणी मोकळ्या शेतांत करावी. गच्चीवर, मोटारसायकलीजवळ किंवा विहिरीच्या पंपाजवळ करूं नये. परत येण्याची उंची आपल्या वाडींतील सर्वांत उंच ताड व सर्वांत उंच तार यांहून दहा मीटर तरी अधिक ठेवावी, पण कायद्याची मर्यादा ओलांडूं नये. बोईसर-तारापूर भागांत विजेचे मोठे मनोरे पुष्कळ आहेत व रेल्वेवरहि विजेच्या तारा आहेत. त्यांच्या आसपास मुळींच उडवूं नये. घरांत जुळणी करतांना पंखे काढून ठेवावे, हा नियम तर प्राणापलीकडे पाळावा.

दूरचा संदेश घेण्याची जोडी मागवितांना ९१५ मेगाहर्ट्झची घेऊं नये. ती परदेशच्या नियमांस धरून असते. आपल्या देशांत परवान्यावांचून वापरण्यास ८६५ ते ८६७ हा पट्टा मोकळा आहे.

कायद्याचें भान

ज्या खात्यांत हयात गेली त्या खात्याच्या संवयीप्रमाणें हें प्रकरण शेवटीं, पण ठळक लिहितों. २५ ऑगस्ट २०२१ रोजीं केंद्र सरकारनें ड्रोनविषयक नियम लागू केले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो व तेथून २ किलोपर्यंतचा मायक्रो समजतात. घरीं बांधलेला साधा ड्रोन बहुधा मायक्रोंत पडतो. त्याची नोंदणी करून ओळखक्रमांक घ्यावा लागतो. शिक्षण, प्रयोग वा हौस यांसाठीं, डोळ्यांसमोर उडविला जाणारा २५ किलोपर्यंतचा नमुना-ड्रोन प्रकार-प्रमाणपत्रांतून मोकळा आहे. मायक्रो ड्रोन धंद्यासाठीं नसल्यास उडविणारास वैमानिक-प्रमाणपत्र लागत नाहीं. तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा मात्र नॅनोखेरीज इतरांस आवश्यक आहे. हिरव्या क्षेत्रांत १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, ही उंचीची मर्यादा आहे. नियमांत फेरफार होत असतात, म्हणून आरंभ करण्यापूर्वीं ताजे नियम वाचावे.

आमच्या भागांत विशेष गोष्ट अशी कीं, तारापूरचें अणुविद्युत केंद्र १९६९ सालापासून येथें आहे. अशा ठिकाणाभोंवतीं सरकारी परवानगीवांचून ड्रोन नेतां येत नाहीं, आणि “चुकून गेला” हें उत्तर कोणी ऐकून घेणार नाहीं. सरकारी वायुक्षेत्राच्या नकाशांत आपला गट नंबर कोठें पडतो हें आधीं पाहावें. लाल पट्ट्यांत पडत असेल तर ड्रोन बांधावा, पण उडविण्यास दुसऱ्या गांवीं जावें. पोलिसांचे मनाई हुकूमहि वेळोवेळीं निघतात. त्यांची चौकशी पोलिस ठाण्यांत करावी. बोर्डांतील कुंपण घालण्याची सोय येथें खरी उपयोगी पडते. आणि शेजाऱ्याच्या अंगणावर, विहिरीवर वा पाणवठ्यावर कॅमेरा नेणें हें कायद्याच्याहि आधीं सभ्यतेस सोडून आहे.

फवारणीसाठीं ड्रोन घरीं बांधण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्यानें तो सोडावा. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्रीय कृषि मंत्रालयानें औषध फवारणीच्या ड्रोनसाठीं कार्यपद्धति घालून दिली आहे. तें काम प्रमाणित यंत्र व प्रशिक्षित चालक यांचें आहे. त्यासाठीं २०२३ सालीं जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेंत देशांतील १५,००० महिला बचत गटांस ड्रोन देण्याचें ठरलें. याची चौकशी कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्राकडे करावी.

उपसंहार

आमच्या छायाचित्रांनीं पंचनामा रद्द होतो असें कोणी समजूं नये. नुकसानीचा निर्णय अधिकाऱ्यानें जागेवर येऊनच होतो. पण खातेदाराजवळ तारखेचें चित्र असलें तर त्याची बाजू मुकी राहत नाहीं, आणि पडलेलें लांकूड आठ दिवस कुजत ठेवण्याची पाळी येत नाहीं. यंदाच्या पावसांत आमच्या भातांतील दोन बांध कोठून फुटतात तें वरून दिसलें; ते आम्हीं दुरुस्त केले, व पाणी टिकलें. इतका लाभ आम्हांस पुरे आहे.

हें यंत्र परक्याचें आहे, आपल्यास काय जमणार, असें मानण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून निघालेल्या कांहीं तरुणांनीं २००७ सालीं काढलेली आयडियाफोर्ज ही कंपनी आज नवी मुंबईंत ड्रोन बनविते. २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटांत दिसलेला ड्रोन त्यांचाच होता. आपल्या मुलांचे हात त्यांहून निराळे नाहींत. त्यांस बोर्ड चांगला घेऊन द्यावा, घाई करूं देऊं नये, आणि शेतांत माणूस असतां यंत्र वर जाऊं देऊं नये. त्या कापणीवाल्या बाईनें सांगितलेला नियम आम्हीं आमच्या ड्रोनच्या पेटीवर लिहून ठेवला आहे.